कॉफी मशीनवर तापवलेला बोर्ड

दहा वर्षं म्हणजे ८७,६०० तास. एक मायक्रोअँपिअर करंट दहा वर्षं वाहत राहिला तर तो बॅटरीतले ८७.६ मिलिअँपिअर-अवर खातो. बॅटरीवर चालणारं काही बनवत असाल तर हे गणित तोंडपाठ करूनच जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या एम्बेडेड वर्ल्ड या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनाला जावं. तिथे मायक्रोकंट्रोलरच्या (उपकरण चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपच्या) जवळपास प्रत्येक स्टॉलवर एक पडदा असतो, त्यावर ठळक अक्षरांत स्लीप करंट, म्हणजे चिप झोपेत असताना ओढते तो करंट, लिहिलेला असतो आणि तो आकडा दरवर्षी लहान होत जातो. यंदा एका स्टॉलवर ०.९ मायक्रोअँपिअर होता.

आमचं काम पाण्याच्या अल्ट्रासॉनिक मीटरचं. आत एए आकाराचा ३.६ व्होल्टचा लिथियम-थायोनिल क्लोराइड सेल, २,४०० मिलिअँपिअर-अवरचा, आणि रीडिंग दूरवर पाठवणारा लोरा रेडिओ. गिऱ्हाइकाला दहा वर्षं सेल बदलायचा नाही. सेल्फ-डिस्चार्ज (सेल न वापरताच आपोआप उतरतो तो भाग) वर्षाला साधारण एक टक्का, शेवटी व्होल्टेज पडल्यामुळे वाया जाणारा भाग वेगळा. हे वजा केल्यावर हातात १,९०० उरतात असं आम्ही धरतो. रेडिओ २२ डीबीएम इतक्या ताकदीने पाठवताना ११८ मिलिअँपिअर ओढतो. गेटवे, म्हणजे निरोप पकडणारं केंद्र, लांब असेल तर स्प्रेडिंग फॅक्टर १२ (सगळ्यात सावकाश, पण लांबवर पोचणारी पाठवणी) लागतो आणि पंचवीस बाइटचा निरोप हवेत १.४८ सेकंद राहतो. दिवसातून चारदा पाठवलं तरी दहा वर्षांत ७१० गेले. (हाच निरोप फॅक्टर ७ वर ६२ मिलिसेकंदांत जातो, पण मीटर कुठे बसणार हे आपल्या हातात नसतं.) अल्ट्रासॉनिक मोजणीला ६००. उरले ५९०. म्हणजे झोपेतला सरासरी करंट ६.७ मायक्रोअँपिअरच्या वर गेला की मीटर दहा वर्षं टिकत नाही.

त्यामुळे ०.९ हा आकडा पाहून कुणालाही आनंद व्हावा. आमच्या पर्चेसवाल्यांना झालाही. त्यांनी तिथूनच दर विचारायला सुरुवात केली.

प्रदर्शनाबद्दल बाहेरच्यांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी की स्टॉलच्या पुढच्या बाजूला उभी असलेली माणसं तुमचा बॅज स्कॅन करण्यासाठी असतात. बॅज स्कॅन झाला की तुम्ही त्यांच्या यादीत गेलात, पुढे सहा महिने मेल येत राहणार. उत्तर देणारा माणूस मागे, डेमोच्या वायरींजवळ असतो. त्याला गाठायचं तर एकच प्रश्न चालतो: हा डेमो कुणी लिहिला? पहिल्या दिवशी सकाळी हा माणूस मोकळा असतो. शेवटचा दिवस विद्यार्थ्यांचा. त्या दिवशी टोप्या आणि फुकटचे बोर्ड वाटण्यात सगळे गुंतलेले, आणि दुपारनंतर खोकी बाहेर निघायला लागतात. पिशव्या भरायला येणाऱ्यांना हा दिवस सोयीचा. आपल्याकडचे बरेच जण नेमका तोच निवडतात.

डेमो लिहिणारा भेटला. वयाने तरुण, जर्मन, आणि बोलायला सरळ. त्याला विचारले ते प्रश्न कुठल्याही स्टॉलवर चालतील. किती व्होल्टवर? किती तापमानाला? किती रॅम जिवंत ठेवली आहे? आरटीसी (चिपमधलं घड्याळ) चालू आहे का, आणि बाहेरच्या क्रिस्टलवर की आतल्या ऑसिलेटरवर? ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज पडलं की चिप रीसेट करणारा भाग) चालू आहे का? डीबगर (चिपमध्ये प्रोग्राम घालून तपासायचं यंत्र) लावलेला आहे का? शेवटचा प्रश्न पोरकट वाटतो, पण डीबगरच्या वायरींमधून चिपला मागच्या दाराने वीज मिळते, आणि डीबग सेशननंतर पॉवर पूर्ण काढून परत दिल्याशिवाय चिपचा तो भाग जागाच राहतो. करंट त्यामुळे कधी कमी दिसतो, कधी जास्त.

उत्तरं अशी: ३.० व्होल्ट, हॉलचं तापमान, १६ केबी रॅम, आरटीसी चालू, ब्राउनआउट बंद. आम्हाला ६४ केबी रॅम लागते. ब्राउनआउट तर लागतोच, कारण रेडिओ चालू होताना सेलचं व्होल्टेज डगमगतं. त्याने लॅपटॉप ओढला, दोन ओळी बदलल्या, प्रोग्राम परत चिपमध्ये घातला, डीबगर काढला. १.९ आला. एवढा फरक अपेक्षितच होता. त्यात फसवणूक नाही. पडद्यावर काय छापायचं हे मार्केटिंग ठरवतं.

मोजणी त्यांच्या पडद्यावर न ठेवता आमच्या पॉवर प्रोफायलरवर (बारीक आणि मोठा दोन्ही करंट सलग नोंदवणाऱ्या यंत्रावर) केली. साधा मल्टिमीटर इथे कामाचा नाही. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर त्याच्या आत शंभर ओहमच्या आसपास रेझिस्टन्स असतो. चिप जागी होताना वीस मिलिअँपिअर ओढते, म्हणजे दोन व्होल्ट मीटरमध्येच पडतात, चिप रीसेट होते, पुन्हा जागी होते, पुन्हा पडते. आपल्याला वाटतं बोर्ड बिघडला.

मग मुख्य प्रश्न: पन्नास अंशांना किती? विदर्भात मे महिन्यात हवेचंच तापमान ४५ च्या पुढे जातं. उन्हातल्या मीटरच्या पेटीत त्याहून जास्त. डेटाशीटमध्ये (चिप कंपनीच्या माहितीपत्रकात) ५५ अंशांना टिपिकल, म्हणजे साधारण चिपचा आकडा, २.६ लिहिलं होतं. स्टॉलवर हीट गन वापरायला परवानगी नव्हती. तेव्हा त्यानेच कॉफी मशीनकडे बोट दाखवलं. एस्प्रेसो मशीनच्या डोक्यावर कप गरम ठेवायचा ट्रे असतो, पन्नास-साठ अंशांचा. कप बाजूला केले, बोर्ड झिपच्या पिशवीत घातला, चिपच्या पाठीवर के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चिकटवलं आणि मशीनवर ठेवला. कॉफी मागायला आलेल्या पाहुण्यांना शेजारच्या स्टॉलवर पाठवावं लागलं. पुढच्या बाजूच्या बाईंना ते अजिबात आवडलं नाही.

वीस मिनिटांनी थर्मोकपलवर ५२ अंश, प्रोफायलरवर ७.४ मायक्रोअँपिअर.

६.७ च्या वर. पर्चेसवाले गप्प झाले.

पण चिपला दोष द्यायच्या आधी बोर्ड पाहावा लागतो. डेमो बोर्डावर सप्लायला १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर होता. सिरॅमिक गळत नाही, म्हणजे त्यातून करंट झिरपत नाही, अशी समजूत आहे. लहान किमतींना ती खरी आहे. मोठ्या किमतींसाठी कंपन्या इन्सुलेशन रेझिस्टन्स ओहम-फॅरडमध्ये देतात. तो १०० ओहम-फॅरड असेल तर १०० मायक्रोफॅरडला एक मेगाओहम होतो, म्हणजे ३ व्होल्टला ३ मायक्रोअँपिअर गळती झाली तरी कपॅसिटर स्पेसिफिकेशनच्या आतच आहे. तापमान वाढलं की रेझिस्टन्स आणखी घटतो. शिवाय व्होल्टेज दिल्यावर पहिली काही मिनिटं डायलेक्ट्रिक (कपॅसिटरमधला इन्सुलेशनचा थर) करंट पीत राहतो, त्यामुळे घाईत घेतलेलं रीडिंग नेहमी जास्त येतं. बीओएम (बोर्डावरच्या सुट्या भागांची यादी) बनवणारे कपॅसिटरची किंमत, आकार आणि व्होल्टेज बघतात. ही ओळ कुणी वाचत नाही.

पलीकडच्या गल्लीत सोल्डरिंग स्टेशनवाल्यांचा स्टॉल होता; त्यांचा डेमोचा तापलेला सोल्डरिंग आयर्न त्यांनी आनंदाने वापरू दिला. एवढा मोठा सिरॅमिक एका टोकाने काढायला गेलं तर तडकतो. दोन्ही टोकांवर भरपूर ताजं सोल्डर टाकायचं, आळीपाळीने तापवायचं आणि दोन्ही बाजू वितळल्यावर बाजूला सरकवायचा. परत मशीनवर: ५.१. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स आणि बोटांचे ठसे पुसले, क्रिस्टलभोवती विशेष करून. ४.६. बाहेरची फ्लॅश मेमरी झोपेत होती का तेही तपासलं. 'डीप पॉवर-डाउन'ची कमांड न देता नुसती सोडली तर तीच दहा-वीस मायक्रोअँपिअर खाते. ती झोपलेली होती.

४.६ पटण्यासारखा आहे. लीकेज (झोपलेल्या चिपमधून झिरपणारा करंट) दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतं. आरटीसी, क्रिस्टल आणि ब्राउनआउट मिळून १.४ धरले तर हॉलच्या तापमानाला लीकेज अर्धा मायक्रोअँपिअर; ५२ अंशांना तो तीनच्या थोडा वर जाणार. बेरीज जुळते. जुळत नाही ती डेटाशीट. तिच्यातला २.६ हा १६ केबी रॅमचा, ब्राउनआउट बंद ठेवलेला, हे तळटीपेत होतं. तळटीप त्यानेच दाखवली, आणि मग न विचारता कमाल रकान्याकडे नेलं. ५५ अंशांच्या ओळीत तो रकाना रिकामा. ८५ अंशांना ३८ मायक्रोअँपिअर. खाली बारीक अक्षरांत: हे मूल्य कॅरेक्टरायझेशनवरून, प्रॉडक्शनमध्ये तपासलं जात नाही.

याचा अर्थ त्याने सोप्या शब्दांत सांगितला. प्रत्येक चिप टेस्टरवर काही क्षण असते आणि त्या वेळेचे पैसे लागतात. गरम करून, झोपवून, करंट स्थिरावेपर्यंत थांबून मोजायला जो वेळ लागेल त्यात चिपची किंमत परवडणार नाही. म्हणून काही लॉटमधले नमुने मोजतात, वक्र काढतात, टिपिकल छापतात. ज्या आकड्यावर आमचं दहा वर्षांचं आश्वासन उभं आहे, तो आम्हाला मिळणाऱ्या चिपवर कुणीही मोजलेला नसतो. ३८ ने डिझाइन केलं तर झोपेतच ३,३०० मिलिअँपिअर-अवर जातात, म्हणजे आख्ख्या सेलपेक्षा जास्त. कुठलंच मीटर बनू शकत नाही. टिपिकलने केलं तर बनतं, आणि मग नशिबावर.

दुपारी बॅटरीच्या स्टॉलवर उलटीच तक्रार ऐकायला मिळाली. या सेलमध्ये लिथियमवर लिथियम क्लोराइडचा थर बसतो. तो आहे म्हणूनच सेल्फ-डिस्चार्ज इतका कमी. पण सेल गरम गोदामात पडून राहिला किंवा अगदी बारीक करंटवर महिनोन्‌महिने चालला की थर जाड होतो, आणि एकदम शंभर मिलिअँपिअर मागितले की व्होल्टेज कोसळतं. मग ब्राउनआउट रीसेट. नवा मीटर बसवताना पहिलाच निरोप जात नाही तो यामुळे. नवी तुकडी आली की काही सेलना १०० मिलिअँपिअरचा पल्स देऊन ऑसिलोस्कोपवर व्होल्टेज कुठपर्यंत उतरतं ते पाहायचं. खात्रीचा उपाय म्हणजे सेलला समांतर सुपरकपॅसिटर. एक फॅरड असेल तर १.५ सेकंदांच्या ट्रान्समिशनमध्ये तो फक्त ०.१८ व्होल्ट उतरतो, त्याच्या आतल्या रेझिस्टन्समुळे पडणारं व्होल्टेज वेगळं. पण सुपरकपॅसिटर स्वतः गळतो, आणि ती गळतीही त्याच ६.७ मधून जाते.

(सेल बरोबर नेणाऱ्यांसाठी: सुटे लिथियम सेल हँडबॅगेतच न्यायचे, टोकांना टेप लावून. मर्यादा सेलमागे २ ग्रॅम लिथियमची आहे, एएमध्ये त्याहून बरंच कमी असतं. डेटाशीटची छापील प्रत जवळ ठेवली की सिक्युरिटीला समजावणं सोपं जातं.)

पुण्यात परतल्यावर त्याच प्रकारचे काही बोर्ड ओव्हनमध्ये ५२ अंशांना ठेवले, कपॅसिटर काढून, धुऊन. बहुतेक ४.४ ते ४.९ मध्ये. दोन बोर्ड ८ च्या आसपास. चिपवरचा डेट कोड (ती कधी बनली त्याचा शिक्का) सगळ्यांचा एकच. त्या दोन बोर्डांवरच्या चिप आपसांत बदलून पाहिल्या नाहीत, एका चांगल्या बोर्डाशी बदलल्या. करंट चिपबरोबर गेला. म्हणजे बोर्ड निर्दोष.

८ मायक्रोअँपिअरचा मीटरही कदाचित टिकेल, कारण पेटी वर्षभर ५२ अंशांवर नसते. पण इथे सरासरी तापमान घेऊन चालत नाही. लीकेज घातांकाने वाढतं, म्हणून उन्हाळ्यातले दुपारचे तास हिवाळ्यातल्या रात्रींपेक्षा कितीतरी जास्त खातात. तासागणिक तापमान घेऊन बेरीज करावी लागते. त्यासाठी अकोल्यात एका पेटीत लॉगर ठेवला आहे. एक उन्हाळा जाऊ द्यावा लागेल.

त्या दोन चिपबद्दल स्टॉलवरच्या त्या मुलाला मेल केला. त्याने वक्र पाठवले, गोपनीयतेच्या करारावर सही झाल्यावर. आमच्या दोन चिप त्या वक्रांच्या वरच्या कडेला बसतात, बाहेर नाहीत. कंपनीच्या लेखी त्या चांगल्या चिप आहेत. प्रत्येक बोर्ड गरम करून मोजायचा म्हटलं तर प्रॉडक्शनवाले ओव्हनची जागा आणि वेळ दाखवतात. पर्चेसवाले विचारतात की जे काम चिप कंपनी करत नाही ते आपण का करायचं. सध्या मी लॉटमागे वीस बोर्ड गरम मोजायचा प्रस्ताव दिला आहे. वीसात एकही वाईट निघाला नाही, तरी हजारात किती असतील, हे मीटिंगमध्ये कुणी विचारलं नाही.