बँकॉकहून सिंगापूरला येणाऱ्यांनो, बॅग तपासा

दिवाळी सरली की सिंगापूरला आमच्याकडे पाहुण्यांचा राबता सुरू होतो. थायलंड-सिंगापूर अशी जोडसहल आता स्वस्तात पडते ना! मागच्या खेपेला भाच्याने बँकॉकहून फोटो पाठवला: अस्वलाच्या आकाराच्या रंगीबेरंगी गोळ्या, पाकिटावर गांजाचं हिरवं पान. "मामा, मित्रांसाठी घेऊ का? इथे चक्क बिल देतात." मी मेसेज टाइप करत बसलो नाही, सरळ फोन लावला.

थायलंडने 9 जून 2022 ला गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि गल्लोगल्ली दुकानं उघडली. 2025 मध्ये सरकारने पुन्हा लगाम खेचला, आता डॉक्टरची चिठ्ठी लागते. तिथून विमानाने जेमतेम अडीच तासांवर सिंगापूर, आणि इथे 500 ग्रॅमच्या वर गांजाची तस्करी सिद्ध झाली की फाशी. 15 ग्रॅमच्या वर सापडला तरी तो विकायलाच आणलाय, असं कायदा धरून चालतो. तसं नाही, हे तुम्ही सिद्ध करायचं. निव्वळ ने-आण करणारा असेल आणि तपासात भरीव मदत केल्याचा सरकारी दाखला मिळाला, तर जन्मठेप आणि वेताचे किमान 15 फटके. ही पळवाटही 2012 नंतरची. इथल्या नागरिकाने किंवा पीआरवाल्याने (कायमच्या रहिवाशाने) बँकॉकमध्ये गांजा ओढला तरी गुन्हा इथे लागतो.

एप्रिल 2023 मध्ये तंगराजू सुप्पय्या यांना चांगीच्या तुरुंगात फाशी दिली. गांजा 1,017.9 ग्रॅम. तो त्यांच्या हातात कधी सापडलाच नव्हता. व्यवहार जुळवणारे फोन नंबर त्यांचे, असं कोर्टाने मानलं. आपल्याकडे भारतात 1 किलोपर्यंतचा गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण', फार तर वर्षाची कैद.

इथले मित्र म्हणतात, मुलगी रात्री बाराला एकटी एमआरटीने (इथल्या मेट्रोने) घरी येते ती या कायद्यामुळेच. येते, खरंय. पण त्यासाठी फोन नंबरच्या पुराव्यावर माणूस फासावर चढवावा, हे मला पचत नाही. पलीकडे मलेशियाने 2023 मध्ये सक्तीची फाशी काढली. आपल्याकडे तर मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्येच अमली पदार्थांच्या खटल्यात सक्तीची फाशी घटनेत बसत नाही म्हणून न्यायाधीशाला निवड दिली, आणि 2014 मध्ये संसदेने कायदा तसा बदलला. जेवणाच्या टेबलावर हे सांगितलं की मित्र म्हणतात, "मग रात्री बाराला मुंबईत एकटी सोडशील का?"