१९८४ मला अजून पुरतंय

'ये जो है जिंदगी'मधल्या सतीश शाहच्या तोडीचं काम आपल्या विनोदी मालिकांत मी पाहिलेलं नाही. दर भागात नवं पात्र, नवी ढब! समोर वैतागलेला शफी इनामदार, तोही तितकाच आवडता.

ती १९८४ची मालिका. त्याच वर्षी सारायेव्होच्या ऑलिंपिकमध्ये टॉरव्हिल-डीन ही ब्रिटिश स्केटिंग जोडी 'बोलेरो' या संगीतावर बर्फावर नाचली. सुरुवात नीट बघा, दोघं गुडघ्यांवर आहेत. संगीत नियमापेक्षा लांब होतं आणि वेळ मोजायची ती स्केटचं ब्लेड बर्फाला टेकल्यापासून! कलात्मकतेसाठी नऊही परीक्षकांनी ६.०, म्हणजे पैकीच्या पैकी, दिले. हल्लीच्या चार गिरक्यांच्या उड्या थोरच, पण डोळे भरून येतात ते इथेच.

स्वयंपाकाच्या कार्यक्रमांत मात्र कांदा दोन सेकंदांत लाल होतो, हे मला अजिबात पटत नाही. वांग्याचा मसाला परतताना कडेला तेल कधी सुटतं, तेच तर बघायचं असतं.