वरचं गरम, खालचं गार

एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला येतं, ते थेट चहाला टाकावं असं. म्हणून सकाळीच अर्धी बादली भरून ठेवायची आणि दुपारी वरून नळ सोडायचा, ही आमची उन्हाळी व्यवस्था. घरचे बिचारे ढवळून घेतात. मी घेत नाही. पहिला तांब्या चटका देतो, शेवटचा शहारा आणतो आणि मधले कुणालाच लक्षात ठेवण्यासारखे नसतात. परवा उन्हातून आले, तांब्या बुडवला आणि वाटलं, वीतभर अंतरावर दोन ऋतू नांदताहेत आणि एकमेकांची साधी विचारपूससुद्धा करत नाहीत.

ही खोड मेहकरची. आजीकडे बंबातलं कढत पाणी घंगाळात यायचं आणि विसण म्हणून रांजणातलं. आजी ओरडायची, "अगं, हात फिरव आधी! वर पोळशील अन् खाली कुडकुडशील." मी हात फिरवायचे नाही, सरळ खाली सोडायचे. मनगट गरम, बोटांची टोकं गार. घंगाळात नीट वाकून पाहिलं की दोन्ही पाणी जिथे टेकायची तिथे तळाचे पोचे उगाच थरथरताना दिसायचे. तेवढ्यात पाठीवर धपाटा.

मेहकरहून लोणार जवळ. पाहुणे आले की त्यांना विवर दाखवायला न्यायचं, हा ठरलेला पाहुणचार. वर कडेवर उभं राहिलं की वारा पदर धरून ओढायचा, आणि खाली कमळजादेवीच्या देवळापाशी पोचेपर्यंत त्याचा मागमूस नसायचा. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं भांडं, त्याला शे-सव्वाशे मीटरहून उंच काठ, आणि तळाशी ते हिरवं, उग्र वासाचं पाणी. वारा आत उतरणार कसा? काठाला पांढरी खपली धरलेली असायची. तिचे जुने प्रकारसुद्धा नावानिशी होते: पापडी, भुस्की, डल्ला, खुप्पल. आजीचा ठाम दावा की खरा पापडखार तो लोणारचा, बाकी सगळं वाण्याचं पीठ.

विवरातल्या 'धार' नावाच्या झऱ्याचं गोडं पाणी आणि पावसाचे ओहोळ या खाऱ्या पाण्यात येतात तेव्हा लगेच मिसळत नाहीत. गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं. जोराच्या वाऱ्याने घुसळलं तरच दोघांची गाठ. उन्हाळ्यात उलटा खेळ: पाणी आटतं, मीठ दाटतं. 2020च्या जूनमध्ये ते इतकं दाटलं की सगळं तळं गुलाबी झालं आणि आख्खा देश फोटो बघत बसला. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं, तर खारात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. पुढे ते जीव तळाला बसले आणि पाणी निवळलं. देवीचा कोप म्हणणारे थोडे हिरमुसले असतील.

गोड्या तळ्याचं तसं सोपं असतं. उन्हाने वरचा थर तापतो, हिवाळ्यात गार होऊन जड होतो, खाली जातो आणि सगळं आपोआप ढवळून निघतं. उष्णता जात-येत राहणारी; मीठ हट्टी. खाली खारट पाणी ठाण मांडून बसलं की वरचं कितीही गारठू दे, ते त्याला हलवू शकत नाही. अमेरिकेतल्या युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये 1959 साली दगडांचा भराव टाकून रेल्वेमार्ग नेला. उत्तरेकडच्या भागाला नद्यांचं पाणी जवळजवळ मिळेना, तो अधिकाधिक खारट झाला. मग भरावातल्या एकेका मोरीतून वरच्या अंगाने हलकं पाणी उत्तरेला आणि खालच्या अंगाने जड खारं पाणी दक्षिणेला, असा दुहेरी प्रवास सुरू. आपल्या लोकलच्या दारात हे शिकवायला हवं.

मृत समुद्राचं प्रकरण मात्र मला सोडवत नाही. म्हणायला समुद्र, आहे तळंच. उन्हाळ्यात संध्याकाळी भूमध्य सागराकडून निघालेला वारा डोंगर ओलांडून तिथे उतरतो आणि वरचं पाणी एका काठाकडे ढकलत नेतो. त्या बाजूला खालचा जड थर दबतो, दुसऱ्या बाजूला वर सरकतो. वारा पडला की आतली ती सीमा मीटर-मीटर खालीवर झुलत राहते, आणि वरून बघणाऱ्याला पत्ताही नसतो. उन्हात वरचं पाणी आटून खालच्यापेक्षा खारट होतं, म्हणजे खरं तर बुडायला हवं; पण तापल्यामुळे हलकं राहतं, म्हणून तरंगतं. तरी त्यातलं मीठ बारीक बोटांसारखं खाली झिरपतं आणि खोल तळावर स्फटिक होऊन पडत राहतं.

हे सगळं तसं अलीकडचं. त्याआधी तिथे वर कमी खाऱ्या पाण्याचा थर असायचा आणि खाली शतकानुशतकं न हललेलं, प्राणवायू नसलेलं काळोखं पाणी. वारा होता, हिवाळे होते, कुणाचं काही चाललं नाही. मग जॉर्डन नदीचं आणि तिच्या उपनद्यांचं पाणी तिन्ही देशांनी, इस्रायल, जॉर्डन, सीरियाने, शेतीला आणि नळांना वळवलं. वरच्या थराला गोडं पाणी पुरेना, तोही खारट होत गेला, आणि 1979च्या हिवाळ्यात सगळा समुद्र तळापर्यंत उलटला. मध्ये एखाद-दुसऱ्या फार ओल्या हिवाळ्यानंतर काही वर्षं जुने थर परत बसले. एरवी आता दर हिवाळ्याला तो ढवळला जातो.

पाणी दरवर्षी मीटरभर खाली जातंय. इस्रायलच्या बाजूला एन गेदी या ठिकाणी लोकांना खाऱ्या पाण्यात डुंबता यावं म्हणून अगदी काठाशी स्नानगृह बांधलं होतं. काठ इतका लांब सरकला की डुंबायला आलेल्यांना ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसवून पाण्यापर्यंत न्यावं लागायचं.