ट्रॅव्हलर कॅम्पर: दुसरं इंजिन बसलं, फळी मात्र कापावी लागली

बसलं एकदाचं. रविवारी संध्याकाळी पहिली धडधड ऐकली आणि शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

गाडी २००३ ची, बजाज टेम्पोची ट्रॅव्हलर, आत राहायची सोय करून कॅम्पर केलेली. आत ओएम ६१६, मर्सिडीजच्या घराण्यातलं २.४ लिटरचं डिझेल. ताम्हिणी घाट चढताना ऑइलच्या टोपीतून भकाभका धूर यायला लागला तेव्हाच मिस्त्रीकाका म्हणाले होते, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय." म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेनं खाली गळतोय. दाब मोजला तर चारपैकी तीन सिलिंडर २० बारच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा १२ वर. या इंजिनाला २२-२४ हवं, १५ च्या खाली गेलं की कामातून गेलं. हेड उघडलं तर पिस्टनची रिंग तुटलेली, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे आणि ब्लॉकला तडा. सिलिंडर आतून कातून घ्यायचा, म्हणजे बोअर करायचा विषय तिथंच मिटला.

दुसरं इंजिन पुण्यात नाना पेठेत मिळालं, मोडीत निघालेल्या ट्रॅव्हलरचंच. बिल आणि त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स हातात आल्याशिवाय पैसे दिले नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आधी काढली होती, आणि नवा नंबर आरसीवर चढवताना इंजिन कुठून आलं हे विचारणारच.

इंजिन जमिनीवर असतानाच व्हॉल्व्हची फट सेट केली: इनलेट ०.१०, एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर, इंजिन गार असताना. यासाठी १४ मिलिमीटरचे दोन पाने एकावर एक धरावे लागतात, आणि साधे पाने तिथं शिरत नाहीत. काकांनी जुने दोन पाने तापवून वाकवले. टायमिंग चेनही बघितली. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची खूण जुळवली तर पिस्टनला जोडलेला क्रँक ३ अंश पुढे, म्हणजे चेन थोडी ताणली आहे. तूर्त चालेल.

आता माझा शहाणपणा. तीन वर्षांपूर्वी कॅम्पर करताना मी केबिनमधल्या इंजिन कव्हरच्या मागच्या कडेवर प्लाय ठोकून वर सुंदर विनाइल चिकटवलं होतं. गिअरबॉक्सचे वरचे दोन बोल्ट नेमके त्याच्याखाली. खालून हात पोचेना, वरून दिसेना. अर्धा तास कुरकुरलो, मग करवत घेतली. काका चहा पीत बघत होते. म्हणाले, "सुतारकाम झकास आहे हो. मिस्त्रीला विचारून केलं असतं तर आणखी झकास झालं असतं."

जाळी आणि रेडिएटर उतरवून चेनपुलीवर इंजिन पुढून आत घेतलं. गिअरबॉक्सपासून बोटभर अंतरावर अडलं. हलवलं, डोलवलं, जॅक अर्धा इंच वर, पाव इंच खाली, काही नाही. मला वाटलं, बोल्ट लावून ओढून घेऊ. काकांनी पाना हातातून काढून घेतला. बोल्टनं ओढलं तर बेल हाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कव्हरचा) कान तरी तुटतो, नाहीतर क्लच प्लेटचा हब वाकतो. इंजिन परत बाहेर. क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट ढिली करून मध्य बघायला गिअरबॉक्सच्या जुन्या शाफ्टचा तुकडा घातला, तर क्लच प्लेट केसभर खाली बसलेली. ती मधोमध आणून प्रेशर प्लेट पुन्हा आवळली. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकली, काकांनी गिअरबॉक्स पुढे दाबून धरला, मी २७ च्या सॉकेटनं क्रँक हळूहळू फिरवत राहिलो. खट्. एवढाच आवाज आला आणि इंजिन-गिअरबॉक्सची तोंडं जुळली.

बाकी होज, वायरी, सायलेन्सर यांत दीड दिवस गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डिझेलच्या नळ्यांत अडकलेली एअर काढायला हातपंप मारून मारून मनगट गेलं. नोझलचे नट ढिले करून स्टार्टर मारला, चारही ठिकाणी डिझेल उडाल्यावर आवळले. आधी हीटर प्लगनं सिलिंडर गरम केले, मग चावी. आधी पांढरा धूर, दोन सिलिंडरवर लंगडत, मग तिसरा, मग चौथा. पाच मिनिटांत दुसऱ्या आणि तिसऱ्या नोझलमधल्या परतीच्या नळीतून थेंब पडायला लागले. कापडी वेष्टणाची ती बारीक रबरी नळी चिरली होती. फुटाच्या भावानं मिळते. सगळ्याच बदलल्या.

कापलेल्या प्लायला आता बिजागरी आणि दोन कड्या लावल्यात. झाकण उघडलं की दोन्ही बोल्ट समोर. आरटीओची तपासणी व्हायची आहे, तोवर गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत जाते आणि परत येते.