बोटवाल्याचं पान

आमच्याकडे म्हाळाला एक पान जास्त मांडतात. आजोबा-पणजोबांची पानं वाढून झाली की शेवटी दाराच्या बाजूला आणखी एक. भात, वरण, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, सगळं त्यावरही. आजी म्हणायची, "हे बोटवाल्याचं." कोण हा बोटवाला, असं विचारलं की एवढंच कळायचं: खापरपणजोबांचा थोरला भाऊ, आगगाडी सुरू व्हायच्या आधी बोटीत बसून मॉरिशसला गेला. दादा सगळ्यांची नावं घ्यायचा आणि या पानापाशी आला की नुसतं पाणी फिरवायचा. नाव कुणालाच माहीत नव्हतं.

पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, हे नाव शोधायचं. लालबागहून बसने काळा घोड्याला जायचं, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसायचं, डबा खाऊन परत यायचं. चार वर्षं हे चाललं. नाव तिथे मिळालं नाही, पण तो का गेला ते हळूहळू समजत गेलं.

ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी 1833 च्या कायद्याने संपली. मॉरिशसमध्ये तो कायदा 1 फेब्रुवारी 1835 ला लागू झाला. पण मळेवाल्यांना ऊस काढायला माणसं हवीच होती. म्हणून त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 ला, कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन 'ॲटलस' नावाचं जहाज पोर्ट लुईसला लागलं होतं. पुढे 1910 पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून त्या एवढ्याशा बेटावर उतरली. सुरुवातीला मजुरांचे इतके हाल झाले की सरकारला ही भरती मध्ये काही वर्षं बंद ठेवावी लागली. 1842 च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, आणि परवानगी मिळालेल्या तीन बंदरांत कलकत्ता आणि मद्रासबरोबर आपली मुंबईही होती. पुरुषाला महिना पाच रुपये, तांदूळ, डाळ, मीठ, अंगावर घालायला कपडे. पण एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे. हे वाचलं त्या दिवशी मला डबा गेला नाही. माझे वडील गिरणीत होते, खाडा म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको.

आणि कोकण? कातळाची जमीन, पावसावरचं एकच पीक, त्यातलाही मोठा वाटा खोताच्या घरात. पेशवाई बुडाली तेव्हा शिपाईगिरीच्या जुन्या वाटाही आटल्या. घरात भाऊ चार आणि भात दोघांपुरतं, मग कुणीतरी उठायचंच. गलबतात बसून मुंबईला यायचं आणि मिळेल त्या कामाला लागायचं. 1852 च्या सुमाराला मुंबईत आलेल्या पोराला गिरणी कुठून दिसणार? पहिल्या कापड गिरणीची उभारणी झाली 1854 मध्ये. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली 16 एप्रिल 1853 ला. तो आला तेव्हा धक्क्यावर हमाली होती, आणि बोट होती.

त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे खापरपणजोबा, दहा-बारा वर्षांनी आले. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा नुसता वाहत होता, रेल्वेची कामं निघाली होती, गिरण्या उभ्या राहत होत्या. मॉरिशसला गेलेल्यांत मुंबई बंदरातून गेलेले सगळ्यांत कमी, त्याचं एक मोठं कारण मला तरी हेच दिसतं: कोकणातल्या माणसाला मुंबईनेच ओढून घेतलं. दोन भाऊ, गाव एक, खोत एक, भूकही एक. मधे फक्त दहा-बारा वर्षं गेली, म्हणून एक आफ्रिकेच्या बाजूला गेला आणि एक लालबागला राहिला. मी आज मराठीत लिहिते आहे ती त्या दहा-बारा वर्षांमुळे.

नाव शेवटी नाशिकला मिळालं. गोदावरीच्या घाटावर आमच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी लाल कापडात बांधलेल्या चोपड्या आहेत. गुरुजींनी गाव विचारलं, तालुका विचारला आणि पंधरा मिनिटांत पान काढून पुढे ठेवलं. माझे पणजोबा वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते तेव्हाची नोंद, मोडीत. गुरुजींनी बोट ठेवून वाचली: आजे धाकू, वडील अमुक, "चुलते राघू, परागंदा." शाई पार तपकिरी झालेली. मी ते अक्षर मोबाइलवर मोठं करून करून बघितलं. परतीच्या गाडीत कसारा घाट उतरेपर्यंत माझे डोळे वाहत होते. शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

आता नाव आहे, बापाचं नाव आहे, गाव आहे. मॉरिशसमध्ये मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकाला एक नंबर, त्यापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरच्या खुणा. 1860 च्या दशकापासून पुढे फोटोसुद्धा. कारकून इंग्रजी वळणाने लिहायचे, रत्नागिरीचं 'रुटनाघेरी' करायचे. तिकडे पहिल्या माणसाचं नावच पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलं, त्यामुळे आमची मंडळी तिकडे 'रागू' म्हणून असतील. पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटाच्या ज्या सोळा पायऱ्या चढून ही माणसं वर गेली, त्या अजून आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आणि तिथले मराठी लोक गणपतीपुढे आपली जाखडी अजून नाचतात. त्यातल्या कुणाच्या पायात आमच्या घरचा ठेका असेल का, हे मला रात्री रात्री सुचत राहतं.

या सर्वपित्रीला दादा शेवटच्या पानापाशी आला. पाणी हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "राघू ना? बाप धाकू?" मी मान हलवली. त्याने नाव घेतलं. स्वयंपाकघरात वहिनी वडे तळत होती, तिने गॅस बारीक केला.

नोंदवहीचा विचार करताना एक गोष्ट मनात आली आणि ती अजून जात नाही. जो हरवला म्हणून आपण पान मांडतो, त्याची उंची इंचात कुणीतरी लिहून ठेवली असेल. जे मुंबईत राहिले, ज्यांच्या पोटी आम्ही आलो, त्यांचा एक कागद घरात नाही. गिरणी गेली, हजेरीपुस्तकं गेली, चाळ पडली.

म्हणून मी दोनशे पानी वही आणून मॉरिशसच्या नोंदीसारखेच रकाने आखले. खापरपणजोबांच्या ओळीत नाव आणि गाव भरलं, बाकी रिकामं आहे. पणजोबांसाठी आत्याला फोन लावला. ती एक्क्याण्णव वर्षांची आहे, आजोबांच्या मांडीवर खेळलेली. उंची विचारली तर म्हणाली, "दारातून वाकून यायचे." मी तसंच लिहिलं. अंगावर काही खूण? ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "लिही. डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. गिरणीत, साच्यात गेलेलं."