चुन्याची पुडी आणि डोळ्याचा काठ

तासगावला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या उजव्या डोळ्यात चुना गेला, त्याला येत्या दिवाळीत दोन वर्षे होतील. आजोबांच्या तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी त्याने खेळता खेळता दाबली आणि चिळकांडी थेट डोळ्यात उडाली. घरच्यांनी पाण्याचे चार हबके मारून त्याला सांगलीला आणले. वास्तविक तिथल्या तिथे अर्धा तास तरी डोळा धुवायला हवा होता, कारण वरच्या पापणीखाली अडकलेले चुन्याचे कण डोळा जाळतच राहतात.

पुढे बुबुळावर लाल शिरा चढल्या, ते दुधाळ झाले, आणि जो तो ‘नेत्रदानातला डोळा बसवून घ्या’ असे सुचवू लागला. डॉक्टरांनी मात्र आम्हाला थांबवले. कॉर्नियावरची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावरची, नाजूक त्वचा सतत झिजते आणि तिची भरपाई बुबुळाच्या कडेच्या, जिथे पांढरा भाग सुरू होतो त्या काठातल्या मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवत राहणाऱ्या पेशी, करतात. हा काठ, म्हणजे लिम्बस, जळाला की पांढऱ्यावरचे आवरण शिरांसकट आत सरकते आणि दुसऱ्याचा कॉर्निया बसवला तरी तोही कालांतराने गढुळतो.

अशा मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला बसवल्याचे इटलीच्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले होते, पण ते काम खर्चाचे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीला प्रयोगशाळाच लागत नाही. भाच्याच्या धडक्या डाव्या डोळ्याच्या काठावरून जेमतेम २ मिलिमीटर लांबी-रुंदीचा, तिळाहूनही लहान तुकडा घेतला. त्याचे आठ-दहा कण करून, उजव्या डोळ्यावर अंथरलेल्या गर्भावरणाच्या पातळ पडद्यावर ते रोपे लावावीत तसे अंतराअंतरावर ठेवले आणि रक्तातील प्रथिनांपासून बनवलेल्या गोंदाने चिकटवले. सगळे एकाच बैठकीत झाले. दोन्ही डोळे जळालेल्यांना ही सोय नाही. त्यांना नातेवाइकाचा किंवा नेत्रदानातल्या डोळ्याचा काठ घ्यावा लागतो आणि मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू ठेवावी लागतात.

काही आठवड्यांत कणांभोवती नवी त्वचा पसरून एकमेकींना मिळाली. खोलवरचा डाग अजून आहे, त्यासाठी पुढे कदाचित कॉर्निया बसवावा लागेल. आता तो टिकण्याची आशा तरी आहे. आजोबांची तंबाखू काही सुटलेली नाही, पुडी मात्र फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर गेली आहे आणि ती काढायला त्यांनाच स्टूल लागते.