दहा सांगितले, चाळीस गेला

घोडबंदर रोडच्या वन बीएचकेत, जेवणाच्या टेबलावर, दोन महिने छोटं सीएनसी मशीन (कॉम्प्युटरच्या हुकमावर सरकणारं) बांधतोय. अॅल्युमिनियमची प्लेट वागळे इस्टेटमधून कापून आणली, मोटर आणि ती फिरवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, लॅमिंग्टन रोडवरून. आज पहिल्यांदा चालवलं. १० मिमी सरक म्हटलं, तर पठ्ठ्या ४० सरकायला निघाला आणि धाडकन कडेवर आदळला.

आई आतून, "अरे, काय फोडलंस?"

दोन तास वायरी तपासल्या. वायरी बिचाऱ्या ठीकच होत्या, गणित माझं चुकलेलं. मोटर जो लांब टी८ स्क्रू फिरवून मशीन सरकवते, त्याच्या दोन आट्यांत २ मिमी अंतर असतं, मी तेच धरून बसलो. पण त्यावर चार आटे शेजारी-शेजारी चढत जातात, त्यामुळे एका फेऱ्यात नट ८ मिमी पुढे जातो. मोटरच्या एका फेऱ्याच्या २०० स्टेप, गुणिले ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे करतो ते १६ भाग, भागिले ८, म्हणजे मिलिमीटरला ४००. मी जीआरबीएलमध्ये (मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) १६०० भरून ठेवले होते! (इंजिनिअरिंगची डिग्री भिंतीवर टांगलेली आहे, कृपया हसू नये.)

संध्याकाळी पेन बांधून ५० मिमीचा चौकोन काढला. बाजू बरोब्बर ५०. कर्णांत मात्र दीड मिमीचा फरक, फ्रेम काटकोनात नाही. स्क्रू ढिले करणार होतो, पण आईने टेबलावर ताटं मांडायला घेतलीत.